दिशा तिची, उडी माझी

५ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळची फेरी झाली. धाकटीला, माझ्या बहिणीला, विचारलं, झोप लागली का? मान हलवली — लागली. उजवा हात कसा आहे? डावा खांदा उडवला — म्हणजे होता तसाच. मग डबा टीव्हीची विचारपूस. चित्राला जरा पिवळी झाक आलीय, पण या वयात एवढं चालायचंच. गेमचं यंत्र ठणठणीत, बटण दाबताच लाल दिवा. मग फळीवरच्या खेळांच्या कॅसेटी एकेक करून. निळीच्या पितळी दातांवर हिरवट डाग दिसला, कापसाला स्पिरिट लावून पुसला. करडी बरी आहे. पिवळी पहिल्यापासूनच रडी, तीनदा काढून घातल्याशिवाय चालू होत नाही.

माझे गुडघे कसे आहेत ते कोणी विचारलं नाही. चांगले नाहीत.

दुपारी भाच्याचा फोन. "मावशी, मी ठरवलंय. महिना संपला की गाडी घेऊन येतो, आईला माझ्याकडे नेतो."

मी म्हटलं, ये की. चहा पी आणि आलास तसा जा.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

रात्रभर मनात त्याच्याशी भांडत होते. सकाळी वाटलं, त्याला नाही तर निदान कागदाला तरी नीट सांगावं.

धाकटीचे यजमान गेले तेव्हा भाचा शाळेत होता, तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डावर बसून उभा जन्म लोकांची बोलणी जोडून दिली. गेल्या वर्षी धाकटीला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. शब्द निघतो, पण विहिरीतून बादली ओढल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, हळूहळू. भाचा म्हणाला, अरेरे. मी गेमचं यंत्र काढलं.

यंत्र भाच्याचंच. शाळेत होता तेव्हाचं. त्याला मिसरूड फुटलं तसं त्याने ते माळ्यावर टाकलं, मी खाली काढलं. तो शाळेत गेला की माझी सकाळची पाळी संपून मी घरी येत असे आणि खेळत असे. तेव्हाही लोक हसले होते. हसोत. कॅसेटी मी एकेक करून जमवल्या, कोणाच्या अडगळीतून, कोणाच्या घरबदलातून. खोक्यात घालून काचेआड ठेवणारे वेगळे. माझी प्रत्येक कॅसेट चालते, आणि चालवली जाते.

आम्ही दोघी एकच रिमोट घेऊन खेळतो. मध्ये उशी, उशीवर रिमोट. त्याच्या डाव्या अंगाला दिशेचं बटण, ते धाकटीच्या चांगल्या हाताखाली. उजव्या अंगाला उडीचं बटण, ते माझ्या अंगठ्याखाली. दिशा तिची, उडी माझी. खेळातला दिवेवाला खाणीत हरवलेला असतो, डोक्यावर टोपी, टोपीला दिवा. आम्ही त्याला टोप्या म्हणतो. टोप्याला दोघींनी मिळून खाणीतून बाहेर काढलं. पहिला भाग पार! त्या दिवशी धाकटी झटक्यानंतर पहिल्यांदा मोठ्याने हसली.

आणि हा म्हणतो, घेऊन जातो.

९ फेब्रुवारी, सोमवार

जुन्या बाजारात गेले होते. तिथे एक कॅसेटवाला आहे, त्याला मी फुंक्या म्हणते. कुठलीही कॅसेट हातात घेतली की आधी फूं! कितीदा सांगितलं, तोंडाच्या वाफेने दात गंजतात. याचं आपलं फूं.

त्याच्याकडे टोप्याचा दुसरा भाग होता. खोक्यात तळाशी. हरखले, पण चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही.

"आजी, नातवाला हवी का?"

"मला हवी. फुंकू नकोस, आण इकडे."

"दुसरा भाग अवघड आहे हां आजी. पूल आहे त्यात, तुटका. भलेभले गळपटले."

मोटारशर्यतीच्या दोन कॅसेटी देऊन बदल्यात ती घेतली. शर्यतीत मला काडीचाही रस नाही. गोल गोल फिरायचं आणि पुन्हा तिथेच यायचं, त्यापेक्षा नोकरी काय वाईट होती?

१० फेब्रुवारी, मंगळवार

धाकटीची व्यायामवाली आली होती. पोर कामाला चोख आहे, पण जिभेला हाड नाही. आम्हाला खेळताना पाहिलं आणि म्हणाली, "उडी त्यांना मारू द्या ना."

म्हटलं, तिचा उजवा अंगठा हलत नाही.

"थोडा हलतो. तुम्ही त्याला कामच देत नाही."

"अगं, पडेल ना टोप्या खड्ड्यात!"

"खेळातच पडेल ना?"

मी चहा टाकायला उठले. असल्या प्रश्नांना उत्तरं द्यायला मी मोकळी नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

दारात दोन माणसं, हातात भलंमोठं सपाट खोकं. भाच्याने पातळ टीव्ही पाठवलाय. सोबत फोन — "डबा काढून टाक मावशी, अर्धी खोली अडवलीय त्याने. आईला वॉकर घेऊन चार पावलं तरी टाकता येतील."

लावून पाहिला. मी आडमुठी नाही, आधी पाहते आणि मग नाही म्हणते. चित्र एवढं मोठं की टोप्याच्या मिशा मोजाव्या. पण उडीचं बटण दाबलं की टोप्या जरासा विचार करून मग उडतो! तोवर खड्डा पायाखाली आलेला. जुनं यंत्र आणि नवा पडदा यांचं जमत नाही. डबा टीव्हीवर बोट आणि उडी एकदमच.

त्याच माणसांना चहा पाजला आणि त्यांच्याच हाती खोकं परत पाठवलं. वॉकर दाराआड आहे, तिथेच राहील. मी असताना तिला वॉकर कशाला? माझा खांदा आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार

भाचा स्वतःच आला. पोट सुटलंय. लहानपणी फळीखाली जिथे बसायचा तिथेच जमिनीवर बसला, उठताना मात्र हात द्यावा लागला.

"मावशी, तू सत्तरी ओलांडलीस. उद्या तुलाच काही झालं तर?"

"मला काय होतंय? मी रोज खाणीतून वर येते."

"थट्टा नको. दुसऱ्या मजल्यावर राहता तुम्ही, लिफ्ट नाही. आजारी पडल्यापासून आई एकदाही खाली उतरलेली नाही. माझ्याकडे तळमजला आहे, पुढे अंगण आहे."

"इथे तिला काय कमी आहे? तिला इथेच बरं वाटतं."

"तिने सांगितलं असं?"

"सांगायला कशाला हवं? बहीण आहे माझी. तिच्या डोळ्यांवरून कळतं मला."

"मग मलाही एकदा ऐकू दे. सूप हवं का विचारलं तर उत्तर तू देतेस. पाठ दुखते का विचारलं तर तू देतेस. मावशी, तिला बोलू दे की!"

नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. म्हटलं, ठीक आहे. एक मार्चला ये. तिच्यासमोर बस, विचार, आणि मी तोंडातून अवाक्षर काढणार नाही. तिने राहते म्हटलं की पुन्हा हा विषय या घरात काढायचा नाही.

"आणि जाते म्हणाली तर?"

"तर हा डबा तू स्वतःच्या डोक्यावरून खाली नेऊन तिच्यासोबत न्यायचास."

हसला. म्हणाला, कबूल.

धाकटी ऐकत होती. तिने उशीवरचा रिमोट स्वतःकडे ओढला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

दुसरा भाग सुरू केला. फुंक्या खरं बोलला होता. पूल तुटका, फळ्या हलत्या. धाकटी टोप्याला अगदी कडेपर्यंत नेते आणि थांबते. मला धीर निघत नाही, मी आधीच उडी मारते. टोप्या खाली!

ती माझ्याकडे बघते. मी म्हणते, तू लवकर सरकव ना. ती पुन्हा थांबते. मी पुन्हा उडते. दुपारभर हेच.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज तिने माझा हात ढकलला. उशीवरून सरळ बाजूला. डाव्या हाताने स्वतःचा उजवा हात उचलला आणि लहान बाळाला निजवावं तसा रिमोटवर ठेवला.

"मी," म्हणाली.

बसली मग. अंगठा थरथरतो, बटणावरून घसरतो. टोप्या पहिल्याच फळीवर खाली. परत खाली. परत. मला बघवेना. दोन-तीनदा माझा हात आपसूक पुढे गेला, तिने हातावर चापट मारली. लहानपणी मी मारायची तशी, तितकीच जोरात.

मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावत बसले. तिथेही ऐकू येत होतं — टोप्या पडल्याचा तो रडका सूर. संपतच नव्हता.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

अबोला. तिचा नव्हे, माझा.

२३ फेब्रुवारी, सोमवार

मी कपडे वाळत घालत होते. आतून वेगळाच सूर आला. धावले, गुडघ्यांची पर्वा न करता.

टोप्या दुसऱ्या फळीवर उभा! तिने उडवलेला. तिच्या अंगठ्याने! मी म्हटलं, पुन्हा दाखव. तिने पुन्हा करून दाखवलं, पण तिसऱ्या फळीवरून पडली. पडली तर पडली. मी तिचं तोंड कुरवाळलं, तिने मान काढून घेतली — पडदा दिसेना म्हणून.

व्यायामवालीला फोन केला. "मी म्हटलं नव्हतं?" एवढंच म्हणाली. म्हणू दे. आज तिला सगळं माफ.

आता येऊ दे भाच्याला. म्हणे मावशीकडे आईची आबाळ होते. हा घे तुझ्या आईचा उजवा अंगठा! कुठे सुधारला? या खोलीत. कशावर? तू माळ्यावर फेकलेल्या यंत्रावर.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

पूल अर्धा पार. ती खेळते, मी शेजारी बसून कॅसेटी पुसते. पुसून झालेल्याही पुन्हा पुसते. हाताला काम हवं ना.

मध्येच म्हणाली, "ताई, गप्प... बस."

मी काही बोललेच नव्हते! म्हणे, श्वास मोठ्याने घेतेस.

२८ फेब्रुवारी, शनिवार

उद्या येतोय. मी तयार आहे. बेत असा — आधी चहा. मग धाकटी त्याला पूल दाखवेल. त्याचा चेहरा उतरला की मग विचारू दे काय विचारायचं ते. उत्तर मला ठाऊक आहे. शब्दाला जागून मी तोंड उघडणार नाही, पण कपाळ, भुवया यांच्याबद्दल काही कबूल केलेलं नाही.

कोणी म्हणो वेडी, कोणी म्हणो हट्टी. दोन बायका, एक यंत्र, एक डबा टीव्ही. आमचं चाललंय. कोणाच्या उपकाराने नाही चाललेलं.

१ मार्च, रविवार

भाच्याने विचारलं. मी तोंड मिटून बसले. तिने शब्द ओढून ओढून वर आणला. "जाते. अंगणात... एकटी... चालायचंय." आणि माझ्याकडे वळून, "तू... रोज... उचलतेस मला."

डबा त्याने खरंच डोक्यावरून नेला, जिन्यात तीनदा टेकवत. यंत्र, दुसरा भाग, रिमोट, सगळं मीच बांधून दिलं. वॉकर तिने स्वतः धरला.

धाकटे, फुंक्याकडून उद्या दुसरं यंत्र आणि टोप्याचा दुसरा भाग आणतेय मी, आणि एक डबाही. माझ्यासाठी कोणी हळहळायचं नाही. पुलापलीकडे काय आहे ते मला आधी सांगू नकोस, माझी मी पोचेन. बाकी सगळं सांग. अंगण केवढं आहे, किती पावलं टाकलीस, पडलीस का. लवकर लिही. उजव्या हाताने. अक्षर वाकडं आलं तरी मी लावून घेईन.