कविताचा कोळसा

राजुरा, मंगळवार संध्याकाळ

ताडपत्री न बांधलेल्या ट्रकमधून कोळसा पडून कविताचा खांदा मोडला. मालक म्हणतो, आमच्या गाडीतून काही पडलंच नाही. पण ही पोरगी! रस्त्यावर कळवळत असताना ट्रकचा नंबर पाठ केला, रक्त लागलेला कोळसाही उचलून ठेवला. मी ट्रकची काच फोडायला निघालो, तर म्हणाली, "बस खाली. मले भरपाई पाह्यजे, तुही जमानत नाई." मला सुचलं असतं हे?

तिच्या घरी आई शेगडीत टाकेल, म्हणून वकीलबाईंकडे नेईपर्यंत कोळसा माझ्याकडे दिलाय. बाकीच्यांना पोरी रुमाल देतात!

तो घेऊन येताना तोच ट्रक समोरून गेला, आजही उघडाच. फेकायला हातात कोळसा होता. हात वरही गेला.

नाही फेकला. उशाशी ठेवलाय.