हँडलमागची खोबण

बाबा, काल सकाळी तिच्या घरची गडद निळी गाडी आपल्या पत्र्याच्या शेडासमोर येऊन थांबली आणि माझं सगळं बदललं. कसं बदललं, ते मात्र दुपार कलल्यावर कळलं. गाडीतून तिचा चुलता उतरला. मी त्याला ओळखत होतो, तो मला नाही. नांदेडात रबिंग-पॉलिश करणारे काय कमी आहेत? आणि चाकुराकडच्या माणसाला लातूर हाकेवर. तरी गाडी उलटी इकडं आली, म्हणजे कुणीतरी पाठवलेली असणार. त्यानं चप्पल झटकत सांगितलं, "पोरीचा साखरपुडा हाय रविवारी. पाव्हणे पुण्याचे. गाडी जरा लाज राखंल अशी करा." आणि बाबा, एवढं ऐकूनही माझं वेडं मन म्हणालं, तिनंच पाठवली. साखरपुडा होणार असेल, पण गाडी माझ्याकडं पाठवलीय. काहीतरी असणार.

ती तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होतो. पुढं आईनं दुसऱ्याच्या रानात निंदायला जाऊन जाऊन मला लातूरच्या कॉलेजात घातलं, तिथं ती भेटली. तिच्या घरची चाकुराकडं पाणी लागलेली जमीन, आपल्या विहारामागच्या दोन खोल्या. बाकीचं तुम्हाला सांगायला नको. पहिल्यांदा तिचा हात धरला तो तुमच्यामुळंच. कॉलेजच्या आवारात एका सरांची नवी गाडी उभी होती, दारावर लांब ओरखडा. ती म्हणाली, गेला बिचाऱ्यांचा रंग. मी म्हणालो, थांब. तिचा अंगठा धरला आणि नख आडवं करून त्या ओरखड्यावरून फिरवलं, तुम्ही माझं फिरवायचा तसं. नख सरकलं तर ओरखडा वरच्या पारदर्शक थरात आहे, पॉलिशनं जातो. अडकलं तर रंगात उतरलाय, त्याला हात लावायचा नाही. सरांच्या गाडीवर तिचं नख सरकलं. हात न सोडवता तिनं विचारलं, "आणि आपलं?" मी म्हणालो, "अडकतं." ती इतकी हसली की पलीकडून शिपाई बघायला लागला.

तुमचा तो अंगठा मला अजून दिसतो. बाकी नऊ नखं बारीक कापलेली, उजव्या अंगठ्याचं तेवढं राखलेलं. आई चुलीपुढं भाकरी थापत असते, तुम्ही ताटावर बसता आणि ती रोजच्यासारखी कुरकुरते, त्या नखात दुनियेच्या गाड्यांचा मळ आहे, चमच्यानं जेवा. तुम्ही म्हणता, हे नख हाय म्हणून भाकर हाय. चमचा काही घेत नाही. मग भाकरी मोडता मोडता मला सांगता की बॉनेटवरचे बारीक गोल ओरखडे कोरड्या फडक्याचे, आणि समोरचे तिरपे, एकमेकांवर पडलेले, ते दसऱ्याच्या पूजेत वाकलेल्या बाईच्या बांगड्यांचे. गाडीकडं बघून घर सांगायचा तुम्ही. मीही काल तेच केलं. तिच्या आईच्या बांगड्या बॉनेटवर होत्या. चुलत्याच्या अंगठीचा घासा ड्रायव्हरच्या दाराला होता. आणि मागच्या डाव्या दाराला, हँडलच्या मागं जी वाटीसारखी खोबण असते, जिथं दार उघडताना बोटं जातात, तिथं चंद्रकोरीसारख्या रेघांचा नुसता गुंता होता. तिथं ती बसते. तिच्या मधल्या बोटात चांदीचं वेढं असतं, लातूरच्या बसस्टँडवर मीच घेऊन दिलेलं. म्हणजे घरी जाऊनही काढलं नव्हतं तिनं. निदान एवढ्या रेघा पडेपर्यंत तरी.

बंपरच्या काळ्या प्लास्टिकची पार माती झाली होती. उन्हानं राखेसारखं पांढरं पडलेलं, वर धुळीचा चिकट लेप. मी बोट लावून वास घेतला. चुलता ओशाळून म्हणाला, "पोळ्याला बैलाच्या शिंगाला लावताव तसं करडीचं तेल चोळलं. दोन दिस लई झ्याक दिसलं. मग रस्त्याची सगळी माती आमच्याच गाडीला बसून राहिली." त्या अवस्थेतही मला हसू आलं. तोही हसला आणि विचारलं, "काय उस्ताद, शाळा शिकला का न्हाई?" म्हणालो, सोडली. "बरं केलं," तो म्हणाला, "आमची शिकली, तर पुण्याचाच पाहिजे म्हणायलेत घरचे." मग साखरपुड्याचा बाजार करायला तो निघून गेला.

कॉलेज कसं सोडलं तेही सांगतो, दुसरं कुणी सांगणार नाही. कँटीनमध्ये एकजण तिच्यावरून आणि आपल्या वस्तीवरून बोलला, मी स्टीलचा तांब्या फेकून मारला. त्याच्या कपाळाला चार टाके पडले. पालकांना घेऊन या, असं ऑफिसात सांगितलं. मी म्हणालो, वडलांना आणायला मला गोदावरीवर जावं लागंल, आणि खुर्ची लोटून बाहेर पडलो. त्याच दुपारी तिला म्हणालो, उद्याच्या उद्या नांदेडला चल, लग्नाची नोंदणी करू. ती म्हणाली, शेवटचं वर्ष होऊ दे, नोकरी लागू दे, मग घरी मीच बोलते. मी नको ते बोललो. ती फक्त एवढंच म्हणाली, "तुला सगळं आजच पाहिजे असतं." त्यानंतर फोन आधी कमी झाले, मग बंद.

चुलता गेल्यावर गाडी दोनदा धुतली, सावलीत वाळवली आणि बफिंग मशीन हातात घेतलं. कडांना चिकटपट्टी लावली नव्हती. विसरलो नव्हतो. कडेला रंग पातळ असतो, तिथं मशीन टेकवून नुसतं उभं राहिलं की रंग जळतो आणि खालचं अस्तर उघडं पडतं, हे मला तुमच्या हाताखाली कळलंय. लहानपणी एका काळ्या गाडीचा खोल ओरखडा मी तुमच्या मागं पॉलिश पेपरनं घासत बसलो होतो, जात नाही म्हणून अजून घासला, अजून घासला, आणि शेवटी मध्ये करडा डाग उघडा पडला. तुम्ही हात उगारला नाही. डागाशेजारी बसलात आणि म्हणालात, "रंग कागदाएवढा असतो, बाळा. तुझा राग त्याच्यापेक्षा जाड हाय." काल मशीन बॉनेटच्या कडेवर होतं. एक मिनिट उभा राहिलो असतो तरी पुण्याच्या पाहुण्यांपुढं ते गाडी घेऊन जाऊ शकले नसते. मला तेच पाहिजे होतं. मशीन फिरत होतं, आणि त्या आवाजात मला तुमचं ते शांत बोलणं ऐकू यायला लागलं, त्यामुळं जास्तच चीड आली. मशीन बंद केलं. चिकटपट्टी काढली, एकेक कड झाकली आणि मग काम केलं, तुमच्यासारखं, वितीवितीनं, थोडं पॉलिशचं औषध लावून, फडकं बदलत. तिच्या आईच्या बांगड्या गेल्या. चुलत्याची अंगठी गेली. निळ्यात माझं तोंड दिसायला लागलं.

मग बंपर. करडीचं तेल साबणानं काढता काढता हात दुखून आले. नंतर तुमचं ते गरम हवेचं मशीन काढलं. दहावीला चांगले मार्क पडले तर देईन म्हणाला होतात, आणि मी नववीत असतानाच ते घरात माझं झालं. प्लास्टिक तापलं की त्याच्या पोटातला काळेपणा वर येतो, पांढऱ्या राखेखालून काळी लाट सरकत जाते. लहानपणी मला ती जादू वाटायची. तुम्ही म्हणायचा, जादू न्हाई, त्याचंच तेल हाय. दोनतीनदा येईल, मग पोटात काही उरत न्हाई. काल ती लाट बघत मी किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. मला वाटत होतं, तिनं गाडी पाठवली म्हणजे एकदा तरी अजून वर येईल.

त्या खोबणीला मात्र हात लावला नाही.

चुलता आला, गाडीभोवती फिरला, बंपरवरून हात फिरवून बघितला, तळवा कोरडा निघाल्यावर खूश झाला. मग बाजाराच्या पिशव्या ठेवायला त्यानं नेमकं मागचं डावं दार धरलं. वाकून बघितलं. "हे राहिलं की."

"ते खोल आहे," मी म्हणालो. "जाणार नाही."

"घासून तर बघ."

तो तिथंच उभा. नाही म्हणायला माझ्याकडं कारण नव्हतं. बोटाला फडकं गुंडाळलं, औषधाचा ठिपका घेतला आणि खोबणीत फिरवलं. मशीनही लागलं नाही. चार वेळा बोट फिरलं, पुसलं, आणि तिथं कोऱ्या निळ्या रंगाशिवाय काही नव्हतं.

"इतकंच होतं व्हय," तो म्हणाला.

तो गाडीत बसल्यावर मी त्याला विचारलं, इथं आणायला कुणी सांगितलं? मला तेवढं एकच ऐकायचं होतं. तो म्हणाला, "तिनंच. म्हणली, काम चांगलं करतो, फक्त त्याला घाई करू नका म्हणावं. घाईत बिघडवतो." तो हे हसत हसत सांगत होता, पोरीनं सांगितलेली एखादी काळजीची गोष्ट सांगावी तसा. त्यानं गाडी मागं घेतली, लोह्याच्या रस्त्याला लागला. बाबा, त्यात राग नव्हता, रुसवाही नव्हता. तसं काही असतं तर मी काल रात्रीच चाकूर गाठलं असतं. ओळखीच्या कारागिराबद्दल बोलावं तसं ती बोलली होती.

हे लिहून तुम्हाला कुठं पाठवणार? घडी घालून गरम हवेच्या मशीनच्या खोक्यात टाकतो. आई भाकरी झाकून बसली असेल, आणि तिला मी यातलं काही सांगितलेलं नाही. एक मात्र राहिलं. मी चुलत्याला म्हणालो ना, खोल आहे म्हणून? गाडी आली तेव्हाच, तो बंपरचं सांगत होता तेव्हा, मी त्या खोबणीत अंगठ्याचं नख फिरवून बघितलं होतं. अडकलं नव्हतं.

शेडातला दिवा घालवतो आता. निघतो, आणि दार ओढून घेतो.