जुन्या नोंदींमध्ये काय भरू?

प्रिय मास्तर,

इतक्या वर्षांनी माझं अक्षर बघून दचकला असशील. दचक. नोकरी सोडताना संपर्कात राहू म्हणालास आणि गायब झालास. मीच वेडी, दर वाढदिवसाला तुला मेसेज टाकत राहिले. तुला मास्तर हे नावही मीच दिलेलं. डेटाबेस कशाशी खातात हे मला तुझ्या शेजारी बसून कळलं. मॉडेल म्हणजे नकाशा, तक्ता म्हणजे घर. नकाशा बदलला की फ्रेमवर्क नावाचा गवंडी भिंती हलवतो, असं तू पाठकोऱ्या कागदावर काढून दाखवायचास. तक्त्यात कोरी जागा मात्र तुला अजिबात खपायची नाही. कोरं सोडणं म्हणजे आळस, म्हणायचास.

ज्या संस्थेतून आईबाबांनी मला दत्तक घेतलं, तिचंच काम आपल्याकडे आलं तेव्हा ते मी फक्त तुला सांगितलं होतं. संस्थेतल्या कारकूनबाई खोकला दाबत जुन्या फाइली वाचायच्या, आपण नोंदी भरायचो. मग संचालकबाईंनी एक नवा कॉलम मागितला: जन्म देणारी आई मुलाला भेटायला तयार आहे का? त्या आठवड्यात आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी रजेवर होते. परत आले तर कॉलम तयार. दोन आठवडे धीर झाला नाही. मग एका दुपारी माझी नोंद उघडली. नाही, असं लिहिलं होतं.

मी तुझ्याच टेबलापाशी येऊन रडले. तू पाण्याचा ग्लास पुढे केलास आणि म्हणालास, "सोड ना. काही जणींना नकोच असतं." मी सोडलं. सहा वर्षं सोडलं. आईने दोनदा विचारलं, शोधायचं का गं तिला, तर तिच्यावरच खेकसले.

गेल्या महिन्यात संस्थेने सगळं नव्या प्रणालीत हलवायचं काम मला दिलं, म्हणून जुने बदल एकेक करून वाचत होते. त्यात त्या कॉलमची तू लिहिलेली फाइल निघाली. कॉलम नवा असला की फ्रेमवर्क थांबून विचारतं, जुन्या नोंदींमध्ये काय भरू? तू भरलंस: नाही. एका फटक्यात तेराशे नोंदी. खाली तुझं नाव, तारीख माझ्या रजेतली. कुणालाही विचारलं नव्हतं रे. कोरं चालेल, एवढं सांगायचं होतं त्या मॉडेलला. घाईत तू काहीतरी भरलंस, ते मी समजू शकते. चुका मीही ढीगभर केल्यात. पण मी समोर उभी राहून रडत होते, आणि ते 'नाही' कुठून आलं हे फक्त तुला माहीत होतं. तरी मूग गिळून बसलास. वर माझी समजूतही काढलीस. जीभ कशी रेटली?

कारकूनबाईंना घेऊन मी माझी फाइल काढली. आत एका ओळीचा कागद होता: मुलगी कधीही आली तरी मी भेटेन. खाली पत्ता. शिवणक्लासच्या वरची खोली निघाली. क्लास चालवणारी म्हणाली, त्या मागच्या वर्षी वारल्या. मी कोण ते तिने विचारलं नाही आणि मलाही सांगता आलं नाही.

माफी मागायला लागू नकोस, माझ्यापुरता तो विषय संपला. पत्र लिहिलं ते बाकीच्यांसाठी. रोज एक कपाट घेऊन तेराशे फाइली वाचल्या. दोनशे बारा जणींनी होकार लिहून ठेवलाय, आणि त्यातल्या कितीतरी जणींची मुलं आपल्या स्क्रीनवरचं 'नाही' वाचून परत गेलीत. संचालकबाई म्हणतात, हे नकार नंतर फोनवर घेतलेले नसतील कशावरून? तू लिहून दिलंस, की कुणालाच विचारलं नव्हतं, तरच त्या मुलांना कळवायची परवानगी मिळेल. कागद मी तयार करून सोबत जोडलाय, फक्त सही कर. तुझं नाव खराब होईल, ते मला कळतं. दोनशे बारापैकी एकशे सत्तर जणी अजून आहेत. सगळ्यात थोरली ब्याऐंशी वर्षांची आहे, आणि तिचा मुलगा संस्थेत तीन वेळा विचारून गेलाय.

तुझीच,
असं लिहायची सवय अजून गेली नाही म्हणून