कासवाची पाठवणी

७८६
देरा, दुबई
१४ नोव्हेंबर १९६६

लाडक्या शहरबानूस,

जहूरभाईचा सलाम आणि दुआ. वि. वि. मी मजेत. इथं थंडी पडू लागली, सकाळी खाडीवर धुकं असतं, कोपऱ्यावरचा मलबारी चहात आलं घालायला लागला... हां, मुद्द्याचं लिहितो.

आमच्या वखारीत एक कासव आहे. जमिनीवरचं, चौघांनी उचलावं एवढं. आफ्रिकेपलीकडच्या कुठल्याशा बेटावरून गलबतातून आलं. खलाशी ताज्या मटणासाठी अशा कासवांना महिनोन्महिने उलटं घालून ठेवतात. मी सुलटं करवलं, तर मान काढून माझ्याकडे बघतच राहिलं. खलास! तुझ्या लग्नासाठी घेतलेला ट्रान्झिस्टर देऊन त्याला सोडवलं. रागावू नकोस.

ही जात थोडीच उरली म्हणे. त्या बेटावर आता मारायला बंदी आहे, राखणदारही बसवलाय. नाखवा बदरुद्दीन डिसेंबरात तिकडे निघतोय. मी बरोबर असेन तरच कासव नेतो म्हणाला, नाहीतर त्याचे खलाशी वाटेतच खातील. परतीचा वारा एप्रिलशिवाय नाही. म्हणजे ईदनंतर तुझ्या निकाहला मी नाही. अब्बांच्या मागे तुला द्यायचा हक्क माझा. तो गनीमामूंना देतो. दोन साक्षीदारांच्या सह्यांचा कागद सोबत आहे.

माया आटवू नकोस.
तुझा नालायक भाई
जहूर

७८६
हर्णै
१ डिसेंबर १९६६

प्रिय भाईस,

शहरबानूचा सलाम. वि. वि. शाळा अर्धी सोडलीस, मुंबईची नोकरी सोडलीस, तेव्हा कुठलं कासव आडवं आलं होतं? ट्रान्झिस्टर कासवानं नेला, असं मां गावभर सांगत फिरते आहे.

काझीसाहेबांनी तुझा कागद वाचला, चालेल म्हणाले. गनीमामू लगेच कोट शिवायला निघाले. मला चालत नाही. अब्बा गेले तेव्हाही तू बाहेर होतास, तेव्हाही मामूच पुढे उभे राहिले. म्हणून कागद परत पाठवते आहे. फाडणार होते, पण सही तुझी, हात धजला नाही.

हमीदच्या घरी मीच निरोप धाडला, लग्न मे महिन्यात. त्यांची आई फुगली आहे. हमीदनी स्वतः एवढंच विचारलं म्हणे, की वाटेत कासवाला खायला काय. माणूस बरा दिसतो.

कासवाला सावलीत ठेव, पाणी दे. सोडून झालं की आणखी कुठे वळू नकोस, सरळ घरी ये. इन्शाल्ला मी तोवर थांबते.

तुझी, अजून तुझ्याच घरची,
शहरबानू