अंबरनाथच्या देवळात नसलेलं शून्य

प्रिय अण्णा,

उद्या सकाळी पेंटर येणार, म्हणून आजच लिहायला बसले. बदलापूरच्या तुमच्या शाळेत गणिताच्या वर्गाला तुमचं नाव देतायत. पाटीवर नावाखाली ओळ असणार आहे : ‘जगातलं पहिलं शून्य अंबरनाथच्या शिवमंदिरात दाखवणारे गुरुजी’. काय करू मी, अण्णा?

ओळ तुमच्या लाडक्या विद्यार्थ्याची, हरेशची. उल्हासनगरात त्याचं फर्निचरचं दुकान आहे. पाटी तोच देतोय. फोनवर म्हणाला, “दीदी, मी स्वतः पाहिलाय ना! सरांनी देवळाच्या भिंतीवर बोट ठेवून दाखवला. गोल गोल!”

शाळेच्या त्या सहलीत मीही होते. तुम्ही ग्वाल्हेरच्या देवळातल्या शिलालेखाबद्दल सांगत होतात. बाग केवढी, देवाला रोज माळा किती, आणि त्या आकड्यांत कोरलेलं इवलंसं शून्य. सांगता सांगता समोरच्या नक्षीतल्या मण्यावर बोट टेकवलंत, “असं, एवढंच!” हरेशला तो मणीच शून्य वाटला. इतके हातवारे करून का शिकवायचात हो?

आणि ‘पहिलं’ हा शब्द तर तुम्हाला सोसायचाच नाही. कंबोडियातल्या एका शिलालेखात ग्वाल्हेरच्याहून जुनं शून्य आहे, नुसता ठिपका. त्याच्या कितीतरी आधी बॅबिलोनचे लोक आकड्यातली रिकामी जागा खुणेने दाखवायचे, पण ती खूण त्यांच्यासाठी संख्या नव्हती. शून्याच्या बेरीज-वजाबाकीचे नियम आपल्याकडे लिहिले गेले. इथे वर्ग टाळ्या वाजवायचा आणि तुम्ही हात वर करायचात. “थांबा! शून्य भागिले शून्य बरोबर शून्य, असंही त्याच नियमांत लिहिलंय. चुकलं की नाही?” ती चूक सांगताना केवढं प्रेम असायचं तुमच्या आवाजात!

सुनील वैतागला. “ताई, तू पण ना! लोक अण्णांचं नाव लावतायत आणि तू पेपर तपासत बसलीयेस. कोण वाचतंय?”

खरंच, कोण वाचतंय? तुमच्या आजारपणापासून दमलेय मी. गप्प बसले तर सगळे खूश. हा माझा खरेपणा, की तुम्ही गेल्याचा राग कुठेतरी काढतेय?

न जाणो, माझीच आठवण चुकत असेल, म्हणून काल विठ्ठलवाडीहून मुद्दाम अंबरनाथला जाऊन आले. मणी आहेत, हत्ती आहेत, नर्तकी आहेत. शून्य नाही.

पाटी मुलं वाचतील, अण्णा. एखादी हट्टी मुलगी देवळात जाऊन भिंत न् भिंत शोधेल. सापडलं नाही की खोटं कोण ठरेल? हरेश नाही. तुम्ही!

हरेशला पुन्हा फोन केला. ‘शून्याची गोष्ट सांगणारे गुरुजी’ एवढंच लिही म्हटलं. “दीदी, मजा नाही आली,” म्हणाला. बघतो म्हणाला.

उद्या पेंटरच्या आधी मी शाळेत असेन. ओळ बदलली नाही, तर पाटीवरून तुमचं नाव काढायला सांगेन. सुनील बोलणं टाकेल. टाकू दे. तुमच्या नावाखाली चुकीचं उत्तर राहू देणार नाही.

तुमची,
मीना