लिंबूवाले आणि संत्रंवाले

आबा, लिंबूवाले आणि संत्रंवाले आतून एकच होते की नाही, याचा निकाल अजून लागलेला नाही. दोन्ही कारखाने कधीच गेले. शिरवण्याच्या अलीकडे लिंबूवाल्यांचं गेट होतं तिथे आता काचेची इमारत आहे, तरी बसमधून जाताना मी त्याच बाजूची खिडकी धरते. विचारावं असं आता कुणी उरलं नाही, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

नव्वदच्या दशकातल्या मधल्या वर्षांत तुम्ही तुर्भ्याच्या बाजारातून निवृत्त झालात. जन्मभर मापाडी म्हणून काट्यासमोर उभे राहिलात, आणि पोती तोलता तोलता माणसं तोलायची सवय लागली. सौद्याच्या वेळी एकमेकांच्या बापाचा उद्धार करणारे व्यापारी संध्याकाळी एकाच गाळ्यात बसून नफा वाटून घेतात, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं. त्यावरून तुमचा एक नियम झाला होता, तो जेवताना आम्हाला ऐकवायचात. "चारचौघांत जे भांडत्यात, त्येंचं आतनं एक असतंय. ग्वाड बोलणाऱ्याचं काय खरं न्हाय." आई भाकरी वाढत राहायची. तिने तो इतक्यांदा ऐकला होता की तिला तो ऐकूच येत नसावा.

तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी शेअर होते. एमआयडीसीतल्या दोन लहान कोल्ड्रिंक कंपन्यांनीही आपले शेअर बाजारात आणले. एक लिंबाचं काढायची, दुसरी संत्र्याचं. दोघांची माणसं टपरीवर एकमेकांचे क्रेट मागे सारून आपले पुढे मांडायची आणि तावातावाने भांडायची. ते पाहून तुमचे कान टवकारले. एवढं हाडवैर आहे तर लिंबूवाले संत्र्याचं का काढत नाहीत? संत्रंवाल्यांचा टेम्पो दर शनिवारी लिंबूवाल्यांच्या गेटात का शिरतो? तुमच्या मते भागीदारी ठरलेली होती, फक्त झाकलेली होती. एक दिवस ती उघड होणार आणि शेअर वर जाणार. फंडाच्या पैशातला मोठा भाग तुम्ही लिंबूवाल्यांत घातलात. आईने तो गावच्या घराच्या स्लॅबसाठी मनात धरून ठेवला होता. ती एवढंच म्हणाली की शेजारणी शेजारणीसुद्धा एका दिवशी वांगं करत नाहीत, म्हणून काय दोघींची चूल एक होते? मी वाशीच्या बँकेत होते, तेव्हा पैशातलं मला कळतं असं घरात सगळे धरून चालत. मी आईची बाजू घेतली. पैसे वाढावेत हे तुम्हाला हवं होतंच, पण घरात एकाने तरी 'तुमचं बरोबर आहे' म्हणावं हे जास्त हवं होतं. ते मला स्पष्ट दिसत होतं आणि त्याचा त्रासही होत होता.

एका शनिवारी तुम्ही मला पुरावा दाखवायला नेलंत. गेटासमोरच्या टपरीवर आपण बसलोय. टेम्पो आत जातो, बाहेर येतो, आणि ड्रायव्हर चहा घ्यायला आपल्याच बाकावर टेकतो. तुम्ही सहज विचारल्यासारखं विचारता, काय देवघेव चालते म्हणून. तो म्हणतो, "बाटल्या बदलतो काका. दुकानवाले रिकाम्या बाटल्या कुटल्या पण क्रेटात भरतात. यांच्या आमच्याकडे येतात, आमच्या यांच्याकडे. मग शनवारी अदलाबदल." एवढंच होतं ते. तुम्ही चहा शेवटपर्यंत प्यायलात, बशी पुसल्यासारखी केलीत. परत येताना नाल्यावरच्या पुलाशी थांबून म्हणालात, "म्हंजे एकमेकांबिगर त्येंचं चालत न्हाय. मग ही भागीदारी न्हाय तर काय?" मी मोठ्याने हसले. रात्री ताटावर आईला सगळं रंगवून सांगितलं आणि तुमच्याशी कडाकडा भांडलेही.

तुम्ही शेअर विकले नाहीत. पुढे मोठ्या परदेशी कंपन्या आपल्या भागातही पोचल्या, दुकानदारांना फुकट फ्रिज देऊ लागल्या, आणि लिंबू-संत्रं दोन्ही एकाच उन्हाळ्यात बंद पडले. तुम्ही म्हणालात, "बघा, मेलं ते बी संगंच." तेव्हाही कुणी हो म्हटलं नाही. स्लॅब तुमच्या माघारी आईने आणि मी घातला. तो अजून गळत नाही.

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून सांगून टाकते. त्या शनिवारनंतर मी बँकेसमोरच्या दलालाकडून संत्रंवाल्यांचे थोडे शेअर घेतले. पुलावरचं तुमचं बोलणं मला पटलं होतं. तसं म्हटलं असतं तर आई एकटी पडली असती, म्हणून ताटावर मी भांडतच राहिले. तुमचा तो नियम आबा, तुम्ही घरात कधी लावून पाहिला नाहीत.