पिवळ्या मातीच्या पुड्या

४ जानेवारी १९५६
मार्कंड्याहून बैलगाडीनं दुपारी पोचले. वैनगंगेच्या काठावरच्या या गावात शाळेची एक खोली हर्डीकरसरांनी माझ्यासाठी झाडून ठेवली होती. चहाही त्यांनीच केला. मी विधवा झाल्यावर शिकले, आणि बेचाळिसाव्या वर्षी सरांच्या संशोधनात मदतनीस म्हणून ही पहिली नोकरी! नदीच्या दरडीत हातभर जाडीचा पिवळ्या मातीचा थर आहे. तो नदीनं नव्हे, हजारो वर्षांपूर्वी वाऱ्यानं आणून टाकला. कुठून, ते आम्हाला शोधायचं आहे.

६ जानेवारी
माती पिठासारखी मऊ. सर दरड खरवडतात, मी चाळून पुड्या बांधते. आज प्रत्येक पुडीवर त्यांनी माझं नाव घातलं: कमळा दाणी. म्हणाले, शोधनिबंधावरही पहिलं नाव तुमचंच. डोळे भरून आले. सासरच्या पत्रांतसुद्धा माझं नाव कुणी लिहीत नसे.

९ जानेवारी
सर भिंगं आणायला आठ दिवसांसाठी नागपूरला गेले. स्वयंपाकाला येणाऱ्या सोमारीनं पुड्यांवर काय लिहिलंय ते विचारलं. सांगितलं, तर तिनं कपाळाला हात लावला. इथल्या बाया घर लिंपायला हीच माती नेतात. टोपली भरताना घरधन्याचं नाव घेतात आणि त्याच दिवशी माती भिंतीला लावतात. नाव घेऊन तशीच ठेवली, तर ती त्या माणसाला शोधत येते म्हणे. "भिताले नाई लागली, तं आंगाले लागते, बाई. मागच्या साली मीच सांगतलं तुमच्या सायबाले. दुश्मनी हाये का तुमची त्याच्यासंग?" मी हसले. ती हसली नाही.

१२ जानेवारी
अंथरुणावर पिवळी साय धरली होती. दार बंद, वारा नाही. खोकल्यातून माती पडते. सोमारी म्हणते, पुड्या द्या, आत्ताच्या आत्ता भिंत लिंपते. मी दिल्या नाहीत. नमुने मोडणं म्हणजे सरांचा विश्वासघात.

१४ जानेवारी
आज हरले. लिंपायला पुड्या सोडल्या. एकूण एक रिकाम्या. गाठी मात्र मी मारल्या तशाच होत्या.

१५ जानेवारी
सरांची पेटी उघडली. आत हिच्यासारखीच वही, वच्छला नावाच्या बाईची, सिरोंच्याकडच्या दरडीवरची. माती रोज कोणत्या दिशेनं आली, अंगावर कुठवर चढली, सगळं लिहिलेलं. शेवटचं वाक्य अर्धं. खाली सरांचं अक्षर, तांबड्या पेन्सिलीत: ‘उगमाची दिशा अपूर्ण. पुढच्या बाईंना रोज लिहायला सांगणे.’
ही वही मला त्यांनीच दिली. जाताना म्हणाले होते, जपा स्वतःला —

१६ जानेवारी
पाय उचलत नाहीत. जीभ जड झाली आहे. सोमारी गावातल्या मुखरूची बैलगाडी आणायला गेली. माती येते कुठून, ते आता मला कळतं. रात्रंदिवस कळतं. लिहिणार नाही, सर. तेवढं तरी माझं —

१७ जानेवारी
सोमारी परतली, गाडी मिळाली नाही. बोटं वाकत नाहीत — हे पान फाडून सोमारीजवळ देईन.
माझ्यामागून येणाऱ्या बाई, पुडीवर तुमचं नाव घालू देऊ नका. ते गोड बोलतील. चहा करतील. तुम्हाला वाटेल, आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याला कुणी —